एका घरात दोन कारभारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याजवळ बहुधा एकच तलवार असावी. आमच्या घरी गेले काही महिने एका डब्यात दोन कारभारी राहताहेत आणि डबा अजून फुटलेला नाही.

डबा म्हणजे आमचा संगणक. संगणक म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी चकचकीत येईल, म्हणून आधीच खुलासा करतो. २०१५ च्या वेतनकराराची थकबाकी हाती आली, तेव्हा घरात शिवणयंत्र घ्यायचं की संगणक, यावर आठ दिवस चर्चा झाली. चर्चेत सौभाग्यवती जिंकल्या आणि संगणक आला, कारण दुकानदारानं हप्ते फक्त संगणकालाच देऊ केले. तेव्हा तो पांढरा होता. आता त्याचा रंग जुन्या पासबुकासारखा झाला आहे, आणि सुरू केला की शेजारच्यांना वाटतं, आमच्याकडे पिठाची गिरणी लागली.

तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यातलं विंडोज १० सेवानिवृत्त झालं. म्हणजे चालतं, पण त्याच्या तब्येतीची चौकशी करायला आता कोणी येणार नाही. नव्या विंडोजला राहायला टीपीएम २.० नावाची एक चीज लागते, ती आमच्या डब्यात नाही. जावयाला वेगळी खोली पाहिजे आणि घरात ती नाही, असा प्रकार.

"बाबा, लिनक्स टाकू या," चिरंजीव म्हणाले. "फुकट आहे."

फुकट म्हटल्याबरोबर माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. फुकटची वस्तू जमेला धरायची कशी? पण चिरंजीवांनी सगळी हकीकत सांगितली. फिनलंडात हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लायनस टॉरवल्ड्स नावाच्या पोरानं १९९१ साली या लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो जगाला वाटून टाकला. मग जगानं त्यात भर घातली. त्याचीच उबुंटू नावाची एक जात २००४ साली निघाली. उबुंटू हा आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या भाषांमधला शब्द आहे. त्याचा अर्थ, आपल्या शब्दात सांगायचं तर, माणुसकी.

"मग विंडोजचा अर्थ काय?" सौ.नी आतून विचारलं.

"खिडक्या."

"बरोबर," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबांचा जन्म खिडकीतच गेला."

विंडोज काढून टाकता येईना, कारण मेव्हण्याच्या किराणा दुकानाचे हिशेब मी त्यातल्या टॅलीवर ठेवतो. तेव्हा असं ठरलं, की दोघंही ठेवायचे. हिशेबापुरतं विंडोज, तेही इंटरनेटची तार काढून. बाकी सगळा कारभार उबुंटूकडे. एका रविवारी चिरंजीव पेनड्राइव्ह घेऊन बसले आणि वाटणी सुरू झाली. वाटणी हा माझा शब्द नाही. डिस्कचे भाग पाडण्याला संगणकवालेही पार्टिशनच म्हणतात. पाचशे जीबीची आमची वडिलोपार्जित जमीन. पहिल्या रहिवाशाला आधी आकसून घ्यायला सांगायचं, मग मोकळ्या झालेल्या तुकड्यावर दुसऱ्याला वसवायचं. मोजणीला भूमापक नाही, तलाठ्याच्या सहीची गरज नाही, दोन भावांत कुऱ्हाडी निघाल्या नाहीत. फक्त एक ताकीद होती: आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवा. वाटणीत काय हरवेल याचा नेम नसतो, हे आमच्या वाशीम जिल्ह्यात शाळेतलं पोरही सांगेल.

दोघांसाठी दोन तुकडे झाल्यावर चिरंजीवांनी मध्ये शंभर जीबीचा तिसरा तुकडा ठेवला. "हा सामाईक. दोघांनाही वाचता येतो, लिहिता येतो." सामाईक विहिरीसारखा. मी मान डोलावली. या तुकड्याचं महत्त्व मला पुढं फार उशिरा कळलं.

आता संगणक सुरू केला की प्रथम एक काळा पडदा येतो. त्यावर ओळीखाली ओळ: उबुंटू, विंडोज. कोण हवं ते बाणानं निवडायचं. त्यासाठी दहा सेकंद मिळतात. दहा सेकंदांत तुम्ही काहीच केलं नाही, शिंक आली, दूध उतू गेलं, तर वरच्या ओळीतला कारभारी मुकाट्यानं ताबा घेतो. न निवडणाऱ्याचीही निवड होऊन जाते.

पंधरा दिवसांत दोघांचे स्वभाव माझ्या लक्षात आले. उबुंटूला विंडोजचा तुकडा दिसतो. तो तिथं डोकावून फायली उघडूही शकतो. विंडोजला मात्र जसंच्या तसं ठेवलं तर उबुंटूचा तुकडा वाचता येत नाही. एका घरात राहून एकाला दुसरा दिसतो आणि दुसऱ्याच्या लेखी पहिला नाहीच. मुंडकोपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत: एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. ऋषींच्या काळी वीज नव्हती, पण अडचण तीच होती.

शिवाय विंडोजला एक खोड. बंद कर म्हटलं तर ते पुरतं बंद होत नाही. दुसऱ्या दिवशी झटपट उठता यावं म्हणून अर्धवट झोपतं आणि सामान तसंच पसरून ठेवतं. मग उबुंटू आला की त्याला विंडोजच्या तुकड्यावर काही लिहिता येत नाही; नुसतं वाचा म्हणतात. "बाबा बँकेतून येतात तसं," इति चिरंजीव. ही सोय त्यांनी बंद केली. संगणकातली.

पण खरी मौज घड्याळाची. उबुंटूवर काम करून मी विंडोज सुरू केलं, की सकाळी साडेदहाला तिथं पहाटेचे पाच वाजलेले. बँकेत माझी वाट पाहताहेत आणि संगणक म्हणतो, झोपा अजून. कारण विचारलं तर कळलं, की डब्यात घड्याळ एकच. उबुंटू त्यात ग्रिनिचच्या मेळाची जागतिक वेळ ठेवतो आणि आपल्याला दाखवताना मनातल्या मनात साडेपाच तास मिळवतो. विंडोज त्याच घड्याळातली वेळ जशीच्या तशी इथलीच म्हणून सांगतं. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नाही. तरी साडेपाच तासांचा फरक पडतो. घराघरांतली निम्मी भांडणं याच जातीची असावीत.

हे दुहेरी प्रकरण मी बँकेत रंगवून सांगितलं, तेव्हा एक सहकारी म्हणाले, "हे सगळं परकं आहे हो. आपल्या मातीत एकच काय ते." मला हसू आलं. आपली माती म्हणजे वाशीमची, आणि वाशीमइतकी दुहेरी माती शोधून सापडायची नाही. इंग्रजी अमलात वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला. १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. त्या रात्री मी अकोला जिल्ह्यात झोपलो आणि सकाळी वाशीम जिल्ह्यात उठलो. खाट तीच, ढेकूण तेच, दारापुढचा खड्डा तोच. डबा तोच, कारभारी नवा.

त्याच्याही मागे जा. आमचं वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. त्यातही वाकाटकांच्या शाखा दोन: एक नागपूरकडे नंदिवर्धनला, दुसरी आमच्याकडे. आणि १९३९ साली वाशीमला विंध्यशक्ती दुसरा याचा जो ताम्रपट उजेडात आला, त्यात तर आमच्या डब्याची पूर्ण कुंडली आहे. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचं हे दानपत्र. त्यात राजाच्या घराण्याची थोरवी संस्कृतात आहे, आणि गाव कोणाला दिलं, कोणी त्रास द्यायचा नाही, हा कामाचा भाग प्राकृतात. एकाच पत्र्यावर दोन भाषा. आमच्या बँकेत अजून तेच चालतं. परिपत्रक इंग्रजीत येतं आणि "काका, इथं अंगठा मारा" हे वऱ्हाडीत होतं.

तेव्हा दोन असणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मी स्वतःच बघा ना. सकाळी साडेनऊपर्यंत मी एक गृहस्थ असतो: देवाला फुलं आणतो, शेजाऱ्याच्या पोराची सायकल दुरुस्त करून देतो. दहाला खिडकीत बसलो की दुसराच. तो "उद्या या" म्हणतो. तो "फॉर्म पूर्ण भरा" म्हणतो. त्याचा आवाजही वेगळा आहे. एकदा तो चुकून घरी आला तेव्हा सौ.नी मला विचारलं, "कोण साहेब आलेत?" माझी आतापर्यंतची समजूत अशी, की तो दुसरा मी नव्हेच. ती बँक. बँकेनं नाही म्हटलं, मी कशाला लाजू?

हे तत्त्वज्ञान वीस वर्षं सुरळीत चाललं. मग एके दिवशी खिडकीशी गुरुजी आले.

या गुरुजींनी मला पहिलीत हात धरून अक्षर शिकवलं. माझं नाव मी आयुष्यात प्रथम लिहिलं ते त्यांच्या देखरेखीखाली, पाटीवर, दहा वेळा गिरवून. आता ते पंच्याऐंशीच्या घरात आहेत. त्या दिवशी पेन्शनचा दिवस होता. रांग दाराबाहेर गेली होती. एक स्लिप आत सरकली. तीन हजार रुपये. मी पडद्यावर नमुन्याची सही काढली: गोल, ठसठशीत, कित्त्याच्या पुस्तकातून उचलल्यासारखी. स्लिपवरची सही म्हणजे पावसात भिजलेली मुंगी कागदावरून चालत गेली होती.

"सही जुळत नाही," मी मान वर न करता म्हणालो. "पुढचे."

"बरं," पलीकडून आवाज आला. स्लिप मागे गेली. मी वर पाहिलं तेव्हा एक धोतर आणि एक छत्री दाराकडे चालली होती.

मी नाव वाचलंच नव्हतं, असं इथं लिहिलं तर लेख गोड होईल. पण नाव मी वाचलं होतं. पडद्यावर पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. मला दहा सेकंद मिळाले होते. मी कुठलंच बटण दाबलं नाही, आणि वरच्या ओळीतला कारभारी सुरू झाला.

दिवसभर मी त्या कारभाऱ्याची बाजू मांडत होतो. बाजू लंगडी नव्हती. सही जुळत नसताना पैसे दिले आणि उद्या सही खोटी निघाली तर? शिवाय खिडकीनं ओळखी विसराव्यात म्हणूनच तर ती केलेली असते. मी गुरुजींना गुरुजी म्हणून पैसे दिले, तर मागे रांगेत उभ्या असलेल्या, रिसोडहून एसटीनं आलेल्या आजीचं काय? तिनं कोणाला पाटी गिरवायला शिकवलं नाही. ओळखीवर चालणारी बँक ही अनोळख्यांवर अन्याय करणारी बँक. इतकं सगळं खरं होतं. तरी संध्याकाळी दिवसाचा ताळा जुळवताना माझा एक आकडा जुळेना. एका बाजूला चाळीस वर्षांचा नमस्कार, दुसऱ्या बाजूला परत केलेली एक स्लिप. द्विनोंदी पद्धतीत खात्याला बाजू दोन असतात हे खरं, पण वही एकच असते.

सुटल्यावर पाय आपोआप बालाजीच्या देवळाकडे वळले. गुरुजींचं घर त्याच बाजूला. ते ओट्यावर बसले होते.

"ये बाबू," ते म्हणाले. "चहा घेशीन?"

चहा आला. मी पावसाबद्दल बोललो, सोयाबीनच्या भावाबद्दल बोललो. गुरुजी ऐकत होते. मग म्हणाले, "आज बँकेत गेलतो. खिडकीत एक जण बसेल होता, अगदी तुह्यासारखा. मले वाटलं तूच. पण त्यानं काही वळखलं नाही. तुह्या ओळखीचा असंन तर त्याले एक सांगजो. म्हणा, सही बुढी झाली, माणूस तोच हाये."

त्यांच्या डोळ्यांत मिश्कीलपणा होता की मोतीबिंदू, मला सांगता येणार नाही. चहा मात्र घशाखाली गेला नाही.

रात्री मी संगणकापुढे जाऊन बसलो. काळा पडदा आला. दोन ओळी. आणि माझ्या लक्षात आलं, की इतके दिवस मी दोन कारभारी पाहत होतो, डबा पाहिलाच नव्हता. कारभारी कोणीही असो. बटणं तीच, पंखा तोच, तापतो तो डबाच. स्लिप मागे सरकवणारा हात बँकेचा नव्हता. बँकेला हात नसतात. ती माझे वापरते. आणि अंधारात, गर्दीत, घाईत, निवडायला वेळ नसताना जो सुरू होतो तोच माझा पहिला कारभारी. निवांत वेळी मी ज्याला निवडतो तो नव्हे. देवाला फुलं आणायला सवड असते. परीक्षा दहा सेकंदांची असते.

दुसऱ्या दिवशी शाखाधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, त्यासाठी नियम आहे की. वार्धक्यानं सही होत नसेल तर अंगठा घ्या, दोन साक्षीदार घ्या, त्यातला एक बँकेचा. रिझर्व्ह बँकेनंच सांगून ठेवलंय. आणि सही बदलली असेल तर नवा नमुना घ्या." म्हणजे नियमात माणुसकीला खोली होती. मीच तिला कुलूप लावून किल्ली हरवली होती. नियम मोडण्याची गरजच नव्हती. फक्त मान वर करून, "गुरुजी, बाकावर बसा, नवी सही घेऊ," एवढं म्हणायचं होतं. आणि हे रिसोडच्या आजीलाही म्हणता आलं असतं, तिच्या अक्षराचा मी एक काडीचाही ऋणी नसलो तरी.

गुरुजींना स्कूटरवर बसवून आणलं. फॉर्म पुढे ठेवला. त्यांनी आधी एका कोऱ्या कागदावर सही गिरवली. एकदा, दोनदा, पाचदा. माझ्याकडे न पाहता पुटपुटले, "दहा वेळा गिरवल्याबिगर वळण येत नाही." दहाव्या सहीला वळण आलं. जुनं नव्हे, नवं. थरथरतं, पण त्यांचं. तो नमुना आता पडद्यावर दिसतो.

त्यानंतर मी फार सुधारलो असं समजू नका. परवाच एकाला "उद्या या" म्हणालो, आणि उद्या रविवार होता. पण एक केलं. ज्या गोष्टी दोघांनाही दिसल्या पाहिजेत त्या सामाईक तुकड्यात ठेवायला लागलो. गुरुजी तिथं आहेत. अनोळखी म्हाताऱ्यांसाठीही तिथं एक बाक आहे; तो बँकेतही आता खिडकीशेजारी सरकवून घेतला आहे. वाकडी सही आली की मी आधी वर पाहतो. रांगेचे दहा सेकंद जातात. त्याबद्दल कोणी अजून तक्रार केलेली नाही.

घड्याळाचं तेवढं राहिलं होतं. चिरंजीव म्हणाले, "दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या पद्धतीनं चालायला सांगायचं, की झालं."

"कोणाला?"

"उबुंटूला. त्याला विंडोजचं घड्याळ कसं चालतं ते कळतं. एक ओळ लिहिली की तो ऐकतो."

म्हणजे ज्याला दुसरा दिसतो त्यानं पडतं घ्यायचं. मला हे अन्यायाचं वाटलं. मग संसाराची वीस वर्षं आठवली आणि वाटलं, यापेक्षा वेगळा न्याय मी पाहिला तरी कुठं? चिरंजीवांनी ती ओळ लिहिली, विंडोजचे काटे एकदा हातानं सरळ केले, आणि आता दोघांचीही वेळ एक असते.

गुरुजी परवा पुन्हा खिडकीशी आले होते. स्लिप आत सरकवली, सही जुळली, पैसे मोजून दिले. जाता जाता वाकून आत पाहत म्हणाले, "तो कालचा माणूस दिसत नाही?"

"बदली झाली त्याची," मी म्हणालो.

"कुठी?"

"जवळच."

गुरुजी हसले. "जवळच असू दे," म्हणाले. "लक्ष ठेवता येते."